आईच्या हातावरचं नाव

दशरथ इंगोलेला बंद झाकण बघवत नसे. हिंजवडीत एका आयटी कंपनीच्या इमारतीत तो देखभालीचं काम बघायचा. एसी, पंप, जनरेटर, सगळं त्याच्याकडे. बिघडलेलं यंत्र सुरू झालं की बाकीचे हात पुसून चहाला जात. दशरथ मात्र जळलेला भाग खिशात टाकून घरी आणायचा आणि तो नेमका कशानं जळला ते उलटसुलट करून बघत बसायचा. त्याची बायको पूर्णिमा म्हणायची, "तुमची पँट धुवायला टाकायची म्हणजे आधी भंगारवाल्याला बोलवावं लागेल."

मूळचा तो यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्ह्याजवळच्या खेड्यातला. आयटीआय करून पुण्यात आला, भोसरीच्या एका कारखान्यात विजेच्या मोटारींचं वाइंडिंग, म्हणजे तारांची गुंडाळी, करू लागला, आणि वऱ्हाडातल्याच पोरांबरोबर कर्वेनगरात एका खोलीत राहिला. तो कारखाना बंद पडला त्या सुमारास हिंजवडीत काचेच्या इमारती उठत होत्या. त्यांतल्या एकीत त्याला काम मिळालं. सुरुवातीला गच्चीवर कूलिंग टॉवरपाशी उभं राहिलं की एका अंगाला भातखाचरं दिसायची आणि दुसऱ्या अंगाला क्रेन. पुढे दोन्हीकडे क्रेनच दिसू लागल्या. दशरथ तिथेच टिकला. लग्न झालं, कर्वेनगरातच एका सोसायटीत छोटं घर झालं. पूर्णिमा जवळच्याच कॉलेजसमोरच्या झेरॉक्स आणि प्रिंटिंगच्या दुकानात कामाला जाऊ लागली. गावाकडे थोरला भाऊ बजरंग शेती बघायचा. धाकटी बहीण गोदा अकोल्याला दिली होती. वडील, नामदेवराव, आधीच गेले होते. दोन हजार चौदा साली आई, सुशीलाबाई, गेली.

ही गोष्ट त्यानंतर तीन वर्षांनी सुरू झाली. पितृपक्ष चालू होता. दशरथ कंपनीच्या बसमधून घरी येत होता आणि बस वाकडच्या पुलाखाली नेहमीसारखी थिजून उभी होती. तेवढ्यात घरच्या ग्रुपवर बजरंगनं आईचा फोटो टाकला. खाली दोन जोडलेले हात.

फोटोत आई अंगणात पापड लाटायला बसली होती. समोर पोळपाट, मागे खाटेवर अंथरलेलं लुगडं आणि त्यावर वाळत घातलेले पापड. फोटो काढणाऱ्याकडे बघून ती हसत होती आणि पापडाची एक लाटी हातात घेऊन तिनं हात लांब पुढे केला होता, खाऊन बघ म्हणत असल्यासारखा. तळवा वर होता. मनगटापासून कोपरापर्यंत हाताची आतली बाजू उन्हात आली होती, आणि तिथे एक हिरवट डाग होता.

दशरथला तो डाग लगेच ओळखू आला. आईच्या हातावरचं गोंदण. लहानपणी त्या हातावर डोकं ठेवून तो झोपला होता. पहिलीत अक्षरं ओळखू यायला लागली तेव्हा त्यानं विचारलंही होतं, "माय, हे काय लिवलं हाय?" आई म्हणाली होती, "देवाचं नाव हाय," आणि बांगड्या खाली ओढून ती कामाला लागली होती. पुढे कातडी सैल झाली, शाई पसरली, अक्षरं एकमेकांत मिसळली. कोणी पुन्हा विचारलं नाही.

त्यानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. डाग मोठा झाला, अक्षर झालं नाही. आणखी मोठा केला तर हिरवे-करडे चौकोन दिसू लागले, फरशीसारखे. बस हलली, पुन्हा थांबली. शेजारचा मुलगा कानात इअरफोनची बोंडं घालून झोपला होता. दशरथ त्या चौकोनांकडे बघत राहिला. आपल्या आईच्या हातावर काय लिहिलं होतं हे आपल्याला माहीत नाही, ही गोष्ट त्याच्या आत्ताच लक्षात येत होती.

त्यानं ग्रुपवर विचारलं, "मायच्या हातावर काय गोंदलं होतं?"

बजरंगचं उत्तर लगेच आलं. "बाबाचं नाव. नामदेव."

गोदानं लिहिलं, "नाई दादा. राम होतं. मी पाहेलं हाय."

"तू काय पाहेलं? तू लहान होती."

"अन् तू त रोज वावरात राहे. मायजोळ मीच बसो."

दोघांनाही पक्की खात्री होती आणि दोघांची उत्तरं वेगळी होती. दशरथच्या दृष्टीनं हे म्हणजे झाकणाचा एक स्क्रू ढिला झाल्यासारखं होतं. आता ते उघडल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं.

रात्री जेवण झाल्यावर त्यानं बजरंगला फोन लावला. "दादा, हा फोटो तुझ्यापाशी कसा आला?"

"भिंतीवर फ्रेम नाई काय? तिचाच काढला मोबाइलनं."

म्हणजे ग्रुपवर आलेला फोटो हा फोटोचा फोटो होता, तोही काचेवरून काढलेला. दशरथनं त्याला फ्रेम उघडून, उजेडात धरून पुन्हा काढायला सांगितलं. बजरंग कुरकुरला, पण दुसऱ्या दिवशी त्यानं तसं केलं. काचेची चमक गेली. डाग डागच राहिला. मग मूळ फोटोची चौकशी झाली. तेव्हा कळलं की ती फ्रेम दारव्ह्याच्या स्टुडिओत करून घेतली होती, आणि स्टुडिओला फोटो दिला होता तो चुलतभाऊ आनंदनं पूर्वी ईमेलवर पाठवलेला.

आनंद हा त्यांच्या काकांचा मुलगा. तोही एके काळी हिंजवडीतच होता, संगणकातला. पहिला डिजिटल कॅमेरा घेतला त्या उन्हाळ्यात तो गावी गेला होता आणि दिसेल त्याचे फोटो काढत सुटला होता. आता तो बायकामुलांसह हॉलंडमध्ये होता. दशरथनं त्याला मेसेज केला. आनंदनं संध्याकाळी उत्तर दिलं, "आहे ना दादा. जुन्या फोटोंचं सगळं जपून ठेवलंय. हा घे." आणि फोटो पाठवला.

या वेळी फरक पडला होता. आईच्या कपाळावरच्या आठ्या दिसत होत्या, पोळपाटावरचं पीठ दिसत होतं. गोंदणात आता रेघा होत्या. एक उभी, एक आडवी, मध्ये गाठीसारखं काहीतरी. दशरथनं त्या रेघा कागदावर उतरवून काढल्या. 'नामदेव' बसत नव्हतं, 'राम' बसत नव्हतं. पण दुसरंही काही बसत नव्हतं. मूळ फोटोतच एवढंच आहे म्हटल्यावर त्यानं मान हलवली. कॅमेराच त्या काळचा होता, त्याला तरी किती दिसणार.

त्याच आठवड्यात कंपनीत एक कॉम्प्रेसर बंद पडला. त्याच्यावरच्या पत्र्यावर बारीक आकडे कोरलेले असतात. दशरथनं त्याचा फोटो काढून दुरुस्तीवाल्याला पाठवला. त्याचा फोन आला, "साहेब, नंबर वाचता येत नाही, स्पष्ट फोटो पाठवा." दशरथनं स्वतःच्या फोनवर उघडून पाहिलं. प्रत्येक आकडा स्वच्छ वाचता येत होता. पुन्हा पाठवला. पुन्हा तेच उत्तर. दशरथ त्या बंद कॉम्प्रेसरशेजारी उलट्या बादलीवर बसला आणि फोनकडे बघू लागला. इथून निघताना धड होतं, तिकडे पोचल्यावर नव्हतं. म्हणजे मधे कुठेतरी काहीतरी होत होतं.

घरी आल्यावर त्यानं प्रयोग मांडला. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींचा फोटो काढला आणि पूर्णिमाच्या फोनवर पाठवला. तिच्या फोनवर तो साठवून स्वतःला परत पाठवला. मग पुन्हा तिला. दोन्ही फोन ओट्यावर शेजारी ठेवून तो जाहिराती वाचू लागला. स्वतः काढलेल्या फोटोत वधू-वर, भाड्यानं खोली, शिकवणी, सगळं वाचता येत होतं. पहिल्याच फेरीनंतर अक्षरांच्या मुंग्या झाल्या होत्या. पुढच्या फेऱ्यांत तेवढा फरक पडला नव्हता. जे जायचं ते पहिल्याच वेळी गेलं होतं.

पूर्णिमा भाजी निवडत होती. तिनं बराच वेळ सहन केलं.

"माझ्या फोनवर खोली भाड्यानं घ्यायचा विचार आहे का?"

दशरथनं सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, मग मला विचारायचं ना. आमच्या दुकानात रोज हेच चालतं. मुलं प्रोजेक्टचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि मोठी प्रिंट मागतात. मग चौकोन चौकोन झालेलं येतं आणि आमच्यावर चिडतात. फोटो म्हणून पाठवला की तो लवकर पोचावा म्हणून वाटेत बारीक करतात. चेहरा ओळखू आला की झालं. बाकीचं टाकून देतात."

"टाकून देतात म्हणजे? ते जातं कुठे?"

"कुठे जात नाही. पोचतच नाही."

हे दशरथला पटायला वेळ लागला. त्याच्या जगात गळती झाली की खाली पाणी साचायचं. "आणि परत मोठा केला तर?"

"तर मोठा धूसर फोटो मिळतो. एकदा गेलेलं परत येत नाही. ज्याच्याकडे मूळ फाइल असेल त्यानंच ती जशीच्या तशी पाठवायला हवी. ती पिनेची खूण असते ना, तिथे डॉक्युमेंट म्हणून जोडायची. मग कोणी हात लावत नाही तिला."

दशरथ उठून उभा राहिला. "म्हणजे आनंदकडे याच्यापेक्षा चांगला असेल."

"असेलच असं नाही," पूर्णिमा म्हणाली, "पण त्यानं पाठवला तो तर नक्कीच मूळचा नाही."

त्यानं आनंदला लिहिलं. आनंद कुठल्याशा मीटिंगमध्ये होता. त्यानं 'ओके' लिहिलं आणि थोड्या वेळानं ईमेलनं फोटो पाठवला. तो व्हॉट्सॲपवरच्यापेक्षाही लहान निघाला. दशरथनं सरळ फोन केला.

"आनंद, हा तर आणखी बारका आला रे."

"थांब, बघतो." त्यानं मेल उघडला. "अरे हो. मी फोनवरून मेल केला. त्यानं विचारलं लहान, मध्यम की मूळ साइज, मी घाईत मध्यम दाबलं. सॉरी दादा. रविवारी लॅपटॉप उघडून नीट पाठवतो. पण तू काय शोधतोयस एवढं?"

दशरथनं सांगितलं. आनंद म्हणाला, "मोठी आई मला लाटी देत होती तेव्हा. मी खाल्ली ती. हाताकडे माझं लक्षच नव्हतं." आणि लगेच, "रविवारी नको, आजच पाठवतो."

फाइल आली ती फोटोसारखी दिसतच नव्हती. नुसतं एक पांढरं चिन्ह, कॅमेऱ्यानं दिलेलं इंग्रजी अक्षरांचं आणि आकड्यांचं नाव आणि शेजारी लिहिलेलं वजन, तीन एमबीच्या वर. दशरथनं ती आपल्या छोट्या फोनवर उघडायची नाही असं ठरवलं. पूर्णिमाच्या दुकानात मोठा पडदा होता.

दुकानाचे मालक दत्तप्रसाद हे बोलायला सरळ पण वाक्यागणिक चिमटा काढणारे गृहस्थ होते. दुकानात त्यांनी पाटी लावली होती, 'चुकलेलं स्पेलिंग तुमचं, छापलेलं आमचं. पैसे दोन्हीचे.' रविवारी सकाळी दोघं गेले तेव्हा ते म्हणाले, "या. रविवारी आम्ही फक्त नातेवाइकांना त्रास देतो, आज तुम्ही आम्हाला द्या." आणि स्वतःची खुर्ची दशरथला देऊन ते मागे उभे राहिले.

पूर्णिमानं फाइल उघडली. आई पडदाभर आली. दशरथनं तिला इतकं मोठं कधी पाहिलं नव्हतं. नाकातल्या फुलीच्या खाली वाळलेलं पीठ होतं. पदराला एक ठिगळ होतं, त्याच रंगाच्या दोऱ्यानं शिवलेलं. पूर्णिमा हळूहळू हाताकडे गेली. कातडीचे बारीक चौकडीसारखे पोत दिसू लागले, मग शिरा, मग हिरवी अक्षरं. कडा पसरलेल्या, पण अक्षरं होती.

"सो," पूर्णिमा म्हणाली.

दुसरं अक्षर बांगडीच्या सावलीत होतं. तिनं उजेड थोडा वाढवला. 'ज.' आणि शेवटी थोडं वाकडं, खाली घसरलेलं 'र'.

"सोजर," दत्तप्रसाद मागून म्हणाले. "कोण या?"

दशरथला ते नाव माहीत नव्हतं.

ग्रुपवर त्यानं त्या भागाचा फोटो टाकला, अर्थात डॉक्युमेंट म्हणून, आणि खाली लिहिलं, 'सोजर'. मग बजरंगचा फोन आला. आवाज चढलेला होता.

"हे काय काढून राह्यला तू? कोन सोजर? बाबाचं नाव नाई मंग कोनाचं बी असन. गेली ना माय. आता काऊन उकरून राह्यला?"

"उकरत नाई दादा. मले फक्त समजून घ्याचं हाय."

"तुले लहानपणापासून तेच हाय. रेडिओ बी तसाच खोलला होता तू."

बजरंगनं फोन ठेवून दिला. मग गोदाचा आला. ती चिडली नव्हती, ती हरखली होती. "भाऊ, बाईचं नाव हाय ना हे? मायची मोठी बहीण तं नव्हती कोनी? मामीले इचार ना. मामा नाई, पन मामी हाय अजून."

मामी, कांताबाई, आईच्या माहेरी पिंपळखुट्याला राहत होत्या. त्या लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा सुशीलाबाई सासरी जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी आधी तब्येतीची, पावसाची, पुण्यातल्या महागाईची चौकशी केली. मग नाव ऐकल्यावर म्हणाल्या, "सोजर? अरे, वेशीपाशी घर होतं त्यायचं. तिचा भाऊ अजून हाय गावात. सोजर पुसदले लेकाकडे राह्यते. जिती हाय बाप्पा. आखाजीच्या सणाले आली होती. तुयी माय गेल्याचं सांगतलं तं दिवसभर जेवली नाई."

दशरथनं सोजरच्या भावाकडून तिचा नंबर मिळवला. पण फोन लगेच केला नाही. त्याला काय विचारायचं हेच सुचेना. पूर्णिमा म्हणाली, "सुशीलाबाईंचा मुलगा बोलतोय म्हणून सांगा. पुढचं त्या बोलतील."

फोन सुनेनं उचलला आणि सासूच्या कानाशी धरला. दशरथनं तसंच सांगितलं, सुशीलाबाईचा मुलगा बोलतोय. पलीकडून म्हातारीचा आवाज आला, "कोन सुशीला?"

"पिंपळखुट्याची. नामदेवराव इंगोल्यायची बायको."

"थे? थे सुशीला नोहे. थे सासरची सुशीला. आमची तं वच्छला."

लग्नात मुलीचं नाव बदलतात हे त्याला माहीत होतं. आपल्या आईचंही कोणीतरी बदललं असेल, हे त्याच्या कधी मनात आलं नव्हतं. मामा तिला अक्का म्हणायचा. आजी-आजोबा त्याला आठवतच नव्हते. वच्छला म्हणून तिला हाक मारलेली त्यानं उभ्या जन्मात ऐकली नव्हती.

"तिच्या हातावर तुमचं नाव होतं, मावशी," तो म्हणाला.

"हाव. अन् माया हातावर तिचं हाय."

मग सोजरबाई सांगत राहिल्या. दोघी दहा-बारा वर्षांच्या होत्या. कापूस वेचायला जायच्या. माघातली जत्रा भरली होती आणि गोंदणारा आला होता. सगळ्या बायका नवऱ्याचं नाव नाहीतर देवाचं नाव काढून घेत होत्या. यांना नवरा नव्हता. वेचलेल्या कापसातला ओटीभर कापूस लपवून दोघींनी त्याला दिला आणि एकमेकींची नावं काढून घेतली. तिसरी एक मैत्रीण होती, ती सुई बघून पळाली. घरी गेल्यावर दोघींनी मार खाल्ला. सासरी गेल्यावर वच्छलेला सासूनं विचारलं, हे काय, तर ती म्हणाली, देवाचं हाय. तिला वाचता येत नव्हतं, सासूलाही येत नव्हतं, म्हणून निभावलं.

"पण बाबाले वाचता येत होतं," दशरथ म्हणाला.

"त्याले तिनंच सांगतलं होतं," सोजरबाई म्हणाल्या. "मी आली एकदा तुमच्या घरी. तं थो म्हने, ये, माया बायकोच्या हातावरची पावनी आली." आणि त्या खोल घशात हसल्या.

सुनेनं सासूच्या हाताचा फोटो पाठवला. हिरवा डाग आला, नुसता डाग. दशरथला हसू आलं. त्यानं तिला पिनेची खूण, डॉक्युमेंट, सगळं समजावून सांगितलं. तिनं ते नीट केलं. उघडलं तर सुरकुत्यांमधून अक्षरं उभी राहिली. 'वछला.' त्यातला 'च' राहून गेला होता.

तेवढ्यात सुनेचा पुन्हा फोन आला. "आमच्या सासूबाईले काही इचाराचं हाय तुमाले."

सोजरबाईंचा आवाज आता वेगळा होता, जरा दबलेला. "बापू, तुले वाचता येते ना? मग एक सांग. तिच्या हातावरचं माहं नाव तू सोता वाचलं ना? अन् माया हातावर तिचंच हाय? त्या मान्सानं खरं लिवलं होतं का? आमाले कोनाले वाचता ये? कापूस घेतला अन् काय बी लिवलं असन तं. लोकाईले दाखवाची लाज वाटे. इतकी वर्सं तसंच राह्यलं."

इतके दिवस तो स्वतःच्या प्रश्नामागे धावत होता. तिकडे कोणीतरी साठ वर्षं तोच प्रश्न अंगावर घेऊन फिरत होतं, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

"खरं लिवलं हाय, मावशी," तो म्हणाला. "तिच्या हातावर तुमचं. तुमच्या हातावर तिचं."

"बराबर?"

वाटेत राहिलेला तो एक 'च' दशरथच्या डोळ्यासमोर आला. "बराबर," तो म्हणाला.

दिवाळीत तो आणि पूर्णिमा गावी गेले आणि तिथून पुसदला. बजरंग येणार नव्हता. कापूस वेचणीला आलाय, असं त्यानं कारण सांगितलं. सोजरबाई अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या. अंगानं बारीक, पाठीनं ताठ. त्यांनी पूर्णिमाला जवळ बसवून घेतलं आणि दशरथचा चेहरा हातांनी चाचपून पाहिला. "नाक तिचं हाय," एवढंच म्हणाल्या.

दशरथनं सोबत आईच्या फोटोची मोठी प्रिंट आणली होती. दत्तप्रसादांनी ती स्वतः उभं राहून काढली होती आणि वर ऐकवलं होतं की माणसं एरवी आधार कार्ड छापायला येतात. सोजरबाईंनी तो फोटो मांडीवर घेतला. चेहऱ्याकडे फार वेळ बघितलं नाही. बोट सरळ हातावर नेलं आणि अक्षरांवरून फिरवत राहिल्या, डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडून उजवीकडे.

मग दशरथनं विचारायला सुरुवात केली, आणि त्याचे प्रश्न संपेनात. आई लहानपणी कशी होती, कशाला भ्यायची, काय खायची. सोजरबाई सांगत गेल्या. वच्छला चिंचेवर चढायची. तिला दोन बोटं तोंडात घालून शीळ घालता यायची, पार मारुतीच्या देवळापर्यंत ऐकू जाईल अशी. लग्न ठरल्यावर तिच्या आईनं ते बंद केलं.

"शीळ?" दशरथनं विचारलं. त्यानं आईला कधी मोठ्यानं हाक मारतानासुद्धा ऐकलं नव्हतं.

"मंग. मले कोन शिकवली थे?" असं म्हणून सोजरबाईंनी दोन बोटं तोंडात घातली. नुसतीच हवा आली. दात नव्हते. त्या आणि पूर्णिमा दोघी हसत सुटल्या.

दशरथनं त्यांना उन्हात बसवलं, हात मांडीवर उलटा ठेवायला सांगितला आणि फोटो काढला. तो जसाच्या तसा, काहीही न गाळता, ग्रुपवर पाठवला. खाली आईच्या शिळेची गोष्ट लिहिली. गोदाचं उत्तर लगेच आलं, मोठंच्या मोठं. आनंदनं हॉलंडमधून लिहिलं की पापडाच्या लाटीची चव त्याला अजून आठवते.

बजरंगनं मेसेज पाहिला नव्हता. वावरात असेल, दशरथला वाटलं. चहा झाला, निघायची वेळ आली. सोजरबाई पूर्णिमाच्या पदरात तीळ बांधून देत होत्या तेव्हा त्याचा मेसेज आला.

"अजून काय काय सांगते ते, इचारून घे. उठू नको लवकर."